नातवाचं पहिलं धनुष्य वाढत्या अंगाचं घेऊ नका

आपल्याकडे पोरांना काहीही घ्यायचं म्हटलं की वाढत्या अंगाचं घ्यायची सवय. गणवेश असो, चपला असोत नाहीतर सायकल, दोन वर्षं तरी चाललं पाहिजे हा हिशोब आधी. मी स्वतः तशीच वाढले, माझ्या लेकीलाही तसंच वाढवलं आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. पण धनुष्य तसं घ्यायचं नाही, अजिबात नाही. आज पोराला जे पेलेल तेच घ्यायचं, आणि वाटतं त्यापेक्षा थोडं हलकंच घ्यायचं. एवढं एक कुणी ऐकलं तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते, आता निवृत्त. शाळेत शेवटची काही वर्षं तिरंदाजीच्या मुलांबरोबर मैदानात उभी असायचे त्यामुळे थोडंफार कळतं. आम्ही वाईजवळ राहतो, लेक ठाण्याला, नातू नऊ वर्षांचा. सोसायटीच्या बाहेरचं जग त्याने गाडीच्या काचेतून पाहिलेलं. गवतात पाय टाकायला घाबरायचा, पायाला माती लागली की आधी धुवायला पळायचा. त्याचा दोष नाही, त्याला मोकळं रान मिळालंच कुठे. मला त्याला बाहेर काढायचं होतं आणि नुसतं चल फिरायला म्हटलं की ही पोरं दहा मिनिटांत कंटाळतात, हातात काहीतरी काम लागतं त्यांना. ते काम त्यानेच शोधलं. २०२३ मध्ये बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपली साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, वय फक्त १७, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या फायनलला १५० पैकी १५० मारले. तो व्हिडिओ त्याने माझ्या फोनवर बघितला आणि आज्जी मला असलं चाकांचं धनुष्य पाहिजे म्हणून मागे लागला.

आता चाकांचं धनुष्य म्हणजे कंपाउंड. त्याच्या दोन्ही टोकांना जी चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात, त्यामुळे दोरी पूर्ण मागे आली की हातावरचं वजन एकदम कमी होतं, सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत कमी होतं, त्यामुळे माणूस शांतपणे नेम धरू शकतो. हे ऐकायला छान वाटतं आणि आहेच छान. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिक्स्ड टीम येतेय म्हणजे पुढेही त्याला वाव आहे. पण नवीन पोराला मी ते देणार नाही. एक तर ते हातात जड असतं आणि नऊ वर्षांच्या पोराचा खांदा ते पुढे धरून ठेवतानाच दमतो. दुसरं, त्याची ओढण्याची लांबी पोराच्या मापाला सेट करावी लागते, पोर उंच झालं की परत सेट, आणि बऱ्याच कंपाउंडची दोरी बदलायची तरी प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरायचं यंत्र लागतं, ते घरी कुणाकडे असणार. जेनेसिस नावाचं एक मात्र याला अपवाद आहे, अमेरिकेत शाळाशाळांमधून वापरतात. त्यात ते वजन कमी होण्याची भानगड नाही, पाउंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, १० ते २० पाउंडांमध्ये फिरवता येतं, एकाच धनुष्यावर लहान मोठी सगळी मुलं मारू शकतात. घरात दोन-तीन नातवंडं असतील तर ते जरूर बघा. एकट्यासाठी माझी पसंती लाकडी टेकडाऊन रिकर्व्हला, म्हणजे बिनचाकांचं, टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य.

टेकडाऊन म्हणजे तीन तुकड्यांचं. मधला हातात धरायचा तो रायझर आणि वरखाली दोन लिंब, नॉब पिळला की सुटतात, पिशवीत मावतात, एसटीने नेता येतात. खरा फायदा वेगळाच आहे. पोराच्या अंगात ताकद आली की सगळं धनुष्य नवीन घ्यायचं नाही, फक्त लिंब बदलायचे. म्हणजे ज्यांना वाढत्या अंगाचा हिशोब सोडवत नाही त्यांची सोय इथे होते. रायझर तोच ठेवा, आज १४ पाउंडाचे लिंब, पुढे १६, मग १८, घाई काही नाही.

पाउंडेजचा घोळ समजून घ्या कारण इथेच सगळे फसतात. लिंबवर जो आकडा लिहिलेला असतो, समजा १६ पाउंड, तो दोरी २८ इंच ओढली तर. २८ इंच मोठ्या माणसाचं ओढणं झालं. पोराचं किती ते काढायला दोन्ही हात बाजूला पसरायला सांगा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. आमचा नातू साधारण १३५ सेंटिमीटर भरला, अडीचने भागलं की ५४, म्हणजे सव्वाएकवीस इंच. एवढंच ओढलं तर त्या १६ पाउंडाच्या धनुष्याचे त्याच्या बोटांवर दहा-अकराच येणार, हलक्या धनुष्यात इंचामागे पाऊण-एक पाउंड कमी होतो असं धरून चाला. मग १६ लिहिलेलं बघून घाबरायचंही कारण नाही आणि दुकानदार म्हणाला २४ घ्या पोरगं कमी ओढतंय ना म्हणून तेही ऐकायचं नाही. आठ-दहा वर्षांच्या, आधी कधीच न मारलेल्या पोराच्या बोटांवर दहा पाउंड पुरे. बारा-तेरा वर्षांचं दणकट असेल तर चौदा-सोळा. लांबीचं म्हणाल तर सव्वाएकवीस इंच ओढणाऱ्याला ५४ इंची बरं पडतं. फार आखूड घेतलं तर दोरी बोटांना चिमटते.

घरच्या घरी मोजायचं असेल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा तो छोटा डिजिटल काटा असतो ना, तो दोरीला मधोमध अडकवा आणि पोराच्या मापाइतकं हळूहळू मागे ओढा, आकडा किलोत येईल, त्याला २.२ ने गुणलं की पाउंड. ओढलेलं हळूच परत सोडायचं, हातातून सुटू द्यायचं नाही. आमच्या इथे एकाने गावातल्या कारागिराकडून बांबूचं धनुष्य बनवून आणलेलं, दिसायला सुंदर, पण किती पाउंडाचं ते कुणालाच माहीत नाही, काटा लावला तर पोराच्या मापाला सोळाच्या वर गेलं. बांबूच्या धनुष्याबद्दल मला खूप आदर आहे, आपल्या देशात इंडियन राउंड म्हणून त्याच्या वेगळ्या स्पर्धा होतात, नेम धरायची साईट बिईट काही नाही, नुसती नजर, आणि नंदुरबार मेळघाट गडचिरोलीकडची मुलं ज्या सहजतेने ते धरतात ते बघत राहावं. पण त्यांच्या हाताशी घरातच कुणीतरी जाणतं असतं. फ्लॅटमधून आलेल्या पोराला वजन माहीत नसलेलं धनुष्य देऊ नये.

जड आहे की नाही याची खरी परीक्षा आकड्यात नाही, पोराच्या अंगात आहे. धनुष्य समोर खांद्याच्या उंचीला धरायला सांगा आणि तिथूनच सरळ ओढायला सांगा. ओढण्यासाठी त्याला धनुष्य आभाळाकडे न्यावं लागलं, कंबर मागे वाकली, खांदा कानाला लागला, तर जड आहे, परत ठेवा. ओढून हनुवटीखाली हात टेकवून शांतपणे आठ-दहा आकडे मोजता आले आणि हात थरथरला नाही, तर त्याचं आहे. जड धनुष्यावर शिकलेलं पोर ओढायचं आणि सोडून मोकळं व्हायचं एवढंच शिकतं, ती सवय पुढे चांगल्या चांगल्या कोचना निघत नाही. शाळेत मी ही मुलं बघितलीत, बापाने हौसेने भारी धनुष्य आणलेलं आणि पोरगं महिन्याभरात खांदा दुखतो म्हणून सोडून गेलेलं. अशी मुलं गेली की फार वाईट वाटायचं, कारण त्यांच्यात काही कमी नव्हतं.

डोळ्याचं तर कुणी सांगतच नाही. आपण उजवे म्हणून उजव्या हाताचं धनुष्य घेतो पण धनुष्य डोळ्यावर ठरतं. पोराला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला सांगा आणि त्यातून लांबचा विजेचा खांब नाहीतर झाडाचा बुंधा बघायला सांगा, मग ती खिडकी बघत बघत तोंडाकडे आणायची. ज्या डोळ्यावर येऊन थांबते तो त्याचा नेमाचा डोळा. आमचा नातू जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने, बॅटही उजवी, आणि खिडकी दर वेळी डाव्या डोळ्यावर. म्हणून त्याला डाव्या हाताचं घेतलं, म्हणजे उजव्या हातात धरायचं आणि डाव्याने ओढायचं. जावयांना ते पटेना, म्हणाले कशाला उलटं शिकवताय. थोडे दिवस अवघडलं पोराला, पण नऊ वर्षांच्या पोराला दोन्ही हात सारखेच नवीन असतात, लवकर बसतं. मोठ्या माणसाला हे बदलायला सांगितलं असतं तर मी दहादा विचार केला असता. आणि ऑनलाइन मागवताना नीट वाचा, राईट हँड लिहिलं की उजव्याने ओढायचं आणि डाव्याने धरायचं, पुष्कळ लोक बरोबर उलटं समजून मागवतात.

धनुष्याबरोबरच्या गोष्टींवर पैसे वाचवू नका. आर्म गार्ड हवाच, धनुष्य धरलेल्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचा एक फटका बसला की पोर दुसऱ्या दिवशी मैदानात येत नाही. दोरी ओढणाऱ्या बोटांना फिंगर टॅब, म्हणजे बोटं वाचवणारा तुकडा, तो पोराच्या मापाचा. मुलगी असेल तर चेस्ट गार्ड, आणि ओढणी लोंबते केस सगळं बांधून घ्यायचं, मुलगा असला तरी ढगळ टीशर्ट चालत नाही, दोरी त्यात अडकते. आणि एक स्ट्रिंगर घ्या, दोरी चढवायची लांब कॉर्ड असते ती. पायात घालून वाकवून दोरी चढवली की लिंब पिळतात, हळूहळू वाकडे होतात, आणि हातातून सटकला तर तोंडावर येतो.

बाणांत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. धनुष्य दिलं आणि घरात कुणाचे तरी पडलेले बाण दिले असं चालत नाही. बाण किती लवतो त्याला स्पाइन म्हणतात आणि त्याचा आकडा जितका मोठा तितका बाण जास्त लवचिक. दहा-बारा पाउंडाला खूप मऊ बाण लागतो, मोठ्या माणसाचा ५०० वाला बाण दिला तर तो लवतच नाही आणि सगळे एकाच बाजूला जातात, पोर म्हणतं मला जमत नाही. जमतंय त्याला, बाण चुकीचा आहे. लांबीला मात्र बाण जास्तच ठेवायचा, पोराच्या ओढण्याच्या मापापेक्षा दोन इंच तरी जास्त, म्हणजे चुकून जास्त ओढलं तरी टोक मागे येऊन हातात घुसत नाही. पोरं वाढत असतात, म्हणून दर सुट्टीत परत मोजा. हे एकच असं आहे जे मी वाढत्या अंगाचं घेते. सुरुवातीला फायबर ग्लासचे जाड बाण पुरे, तुटले हरवले तरी जीव हळहळत नाही. कार्बनचे घेतले तर मारण्याआधी प्रत्येक बाण हातात वाकवून कान लावून ऐकायचं, करकर आवाज आला की तो बाण बाद. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या हातात घुसतात. हे काम मी आधी स्वतः करायचे, आता नातू करतो, अगदी गंभीर तोंड करून, आणि मला ते फार आवडतं. मागच्या पिसांचे रंग भडक घ्या, गवतात सापडायला.

टार्गेट विकत आणलं नाही. सिमेंटच्या पोत्यात जुनी लुगडी, गोधडीच्या चिंध्या ठासून भरल्या, तोंड शिवलं, शेतातल्या उंच बांधाला टेकवून ठेवलं. बांध महत्त्वाचा. मागे नुसती झाडी असेल तर नको, झाडीपलीकडे कोण येतंय दिसत नाही, आणि हलक्या धनुष्यातूनही बाण तिरका वर सुटला तर भलताच लांब जातो. पहिले दिवस पाच मीटरवरून, कागद लावायचाच नाही, नुसतं पोतं. डोळ्यासमोर कागद आला की पोरं नेमाच्या मागे लागतात आणि हात विसरतात. मग मोठा कागद, मग फुगे. फुगा फुटल्यावर तो जो ओरडतो ते समोरच्या वाडीपर्यंत जातं.

नियम शिट्टीचे लावले, स्पर्धेत असतात तेच. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की मारायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. पाच किंवा जास्त ऐकू आल्या की जिथे असाल तिथे थांबायचं, बाण खाली. एकटा पोर असला तरी हेच. घरातल्या घरात काय शिट्ट्या असं आमचे हे म्हणाले होते, पण मग शेजारची दोन पोरं यायला लागली आणि एकदा कुणाची तरी शेळी बांधावरून समोर उतरली तेव्हा पाच शिट्ट्यांना तिघंही जागच्या जागी थांबली. बाण उपसताना टार्गेटसमोर सरळ उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, एक हात टार्गेटवर आणि मागे कुणी नाही बघून मग ओढायचं. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कधीच नाही. बाणात जाणारा सगळा जोर लिंबात परत येतो आणि लाकूड फुटतं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला धनुष्य हातात घेतल्यावर पहिलं हेच करावंसं वाटतं, म्हणून नातवाला सांगून ठेवलंय, पाहुण्यांना नम्रपणे नाही म्हणायचं.

पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, आज्जी आपण ससा मारायचा का. विचारणारच, गोष्टीत सगळे धनुष्य घेऊन शिकारीलाच जातात. मी त्याला रागावले नाही, बसवून सांगितलं की आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या माळावर राहणाऱ्याला आपण मारत नाही. त्याच सुमारास आम्ही पोतं ठेवायचो त्या बांधाजवळ एक टिटवी डोक्यावरून फिरून फिरून ओरडायला लागली. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, इतकी मातीच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तिला लांबूनच बघत बसलो, कुठे बसते ते दिसलं, मग आम्ही पोतं उचलून पार दुसऱ्या टोकाला नेलं. तो रोज सकाळी आधी तिला बघून यायचा आणि मग धनुष्याला दोरी चढवायचा. कुठपर्यंत जायचं म्हणजे ती उठत नाही हे त्याला माझ्याआधी कळलं.

बाण हरवले की शोधायला गवतात जावं लागतं आणि रान कळतं ते असं. आमच्याकडे फुरसं असतं, त्यामुळे गवतात हात घालायचा नाही, आधी काठीने बाजूला करायचं, पायात बूट, आणि बाण गवताखाली आडवा शिरलेला असतो तेव्हा पाय घासत चालायचं नाही. पहिल्या दिवशी हा पोरगा माझा पदर धरून शोधत होता. सुट्टी संपता संपता काठी घेऊन एकटा पुढे, मी मागून नजर ठेवून. काठीने गवत सारताना नाकतोडा उडाला तर आता दचकत नाही, थांबून बघतो कुठे बसला ते. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून सहाला स्वतःहून उठायचा. लेकीला फोनवर खरंच वाटेना.

कुणी विचारेल एवढं सगळं करून तो पुढे खेळणार आहे का. मला माहीत नाही आणि त्याच्यावर ते ओझं टाकायचंही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, आईवडील मजुरी करणारे, आणि अदितीचा सराव साताऱ्यात उसाच्या शेताच्या जागेवर केलेल्या मैदानात झाला. हे मी नातवाला सांगते कारण ही मुलं त्याच्यापासून लांब नाहीत. त्याला खेळावंसं वाटलं तर ठाण्यात कोच शोधू, साईट, धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझरचा दांडा, सगळं तेव्हा. आत्ता त्याच्या धनुष्यावर यातलं काही नाही आणि नको.

सध्या पाऊस सुरू आहे. धनुष्य दोरी उतरवून, कोरड्या फडक्याने पुसून, आडवं ठेवलंय आतल्या खोलीत, भिंतीला टेकवून उभं ठेवलं की लिंबला बाक येतो. दोरीला मेण लावून झालं. एक राहिलंय, धनुष्य गाडीत ठेवू नका हे लेकीला परत सांगायचंय, कारण बंद गाडीच्या उन्हात लिंबचे थर सुटतात आणि दिवाळीला ते ठाण्याला न्यायचं म्हणतेय ती. दिवाळीत आला की आधी हात पसरून माप घेणार. दोन इंच वाढला असेल तर नवीन बाण. लिंब मात्र चौदाचेच राहतील अजून.